टाकीचं पोट बिघडलं तेव्हा

सन एकोणीसशे शहाण्णव. मला सत्तावन्नावं चालू होतं. पलटणीतनं पेन्शनीवर येऊन जमाना झाला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण आवाज अजून परेडच्या मैदानाचा होता. शाळा म्हणाल तर चौथी. पुढं शिकलो नाही, कारण मला शिकायचं नव्हतं. लोक म्हणतात, बिचाऱ्याची परिस्थिती नव्हती. परिस्थिती होती. मन नव्हतं.

पलूसपासून सायकलीच्या अंतरावर आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला साखर कारखाना आणि त्याच्या पाठीमागं डिस्टिलरी. साखर काढून झाल्यावर जी काळी चिकट मळी उरते, ती आंबवून तिच्यातनं स्पिरीट काढतात. स्पिरीट टँकरनं निघून जातं. मागं राहतं ते मळीचं पाणी. काळं, कढत, आंबूस, नाकात शिरलं की घशात उतरणारं. कित्येक वर्षं हे पाणी सरळ आमच्या ओढ्याला सोडलेलं होतं. ओढ्याच्या काठानंच आमच्या विहिरी, ओढ्यावरच जनावरं, ओढ्यातच धुणी. मळीचं पाणी आलं की म्हशी तोंड लावायच्या नाहीत. वास घ्यायच्या, फुरफुरायच्या आणि माघारी फिरायच्या. बायकांच्या पायांना खाज सुटायची. मासे तर कधीच संपले होते.

मग सरकारचा बडगा आला आणि कारखान्यानं टाकी बांधली. लोखंडी, देवळाच्या शिखराएवढी उंच, अंगाला शिडी. मळीचं पाणी आधी एका मोठ्या तळ्यात निववायचं, तिथनं पाइपनं टाकीत थोडं थोडं सोडायचं. टाकीत म्हणे बारीक जीव राहतात. ते त्या पाण्यातली घाण खातात आणि गॅस सोडतात. तो गॅस इंजनात जातो, इंजन जनरेटर फिरवतं, जनरेटर दिवे लावतो. टाकीतनं बाहेर पडलेलं पाणी पुढच्या हौदांतनं फिरून उसाला जातं. ओढा मोकळा.

हे सगळं मला टाकीवरच्या केमिस्ट बाईनं सांगितलं. वाईची पोरगी, नुकतीच कॉलेजातनं आलेली, अंगानं काडी. मला मामा म्हणायची. मी टाकीवरचा माणूस. व्हॉल्व्ह फिरवायचा, गॅसचा काटा बघायचा, एवढं माझं काम.

मी म्हणालो, "बाई, जंतू म्हणजे पटकी, जंतू म्हणजे खरूज. ते दिवे कसले लावत्यात?"

"मामा, दही कोण लावतं?"

"आमची कारभारीण."

ती हसली. तिनं काचेवर थेंब घेतला आणि मला भिंगातनं बघायला लावलं. मला माझ्याच पापण्या दिसल्या. तसं मी तिला सांगितलंही. पण दिवे लागत होते हे खरं, आणि ओढा निवळत चालला होता हेही खरं. दिसलं नाही म्हणून नाही म्हणायचं, एवढा मी अडाणी नव्हतो.

टाकी पहिल्यांदा चालू करायची तेव्हा शेण लागलं होतं. जनावरांच्या पोटातले जीवच टाकीत वस्ती करतात, असं बाईनं सांगितलं. मी गावात दारोदार फिरून शेण मागितलं. माणसं हसली. "आमचं श्याण खाऊन तुमचा कारखाना दिवं लावणार व्हय?" मी म्हणालो, "दिवं ऱ्हाऊ दे. ओढ्याला मळी येणार न्हाई, माझा शब्द हाय." शब्द दिला आणि शेण आणलं. त्यामुळं ती टाकी कारखान्याची असली तरी तिच्यात आमचा गोठा होता.

बाईनं एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात नीट घातली होती. टाकीत दोन पंगती बसतात. पहिली पंगत हावरी. ती मळीतलं गोड भराभर खाते आणि आंबट करून ठेवते. दुसरी पंगत ते आंबट खाऊन गॅस करते, पण ती जेवते सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखी. वाढप्यानं दुसऱ्या पंगतीकडं बघून वाढायचं. एकदम वाढलं तर पहिली पंगत ताव मारणार, आंबट साठत जाणार, आणि दुसरी पंगत त्या आंबटातच मरणार. मग गॅस नाही, काही नाही. नुसती सडकी टाकी. आणि टाकी मेली की मळीच्या पाण्याला वाट एकच, ओढा.

तर त्या वर्षी नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं धुऊन पुसून पूजतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. डिस्टिलरी बंद होती, इंजन बंद होतं. माझ्या घरी घट होता म्हणून मला सुट्टी. टाकीवर मुकादम होता. हा म्हसवडचा, सिद्धनाथाचा भक्त, मनानं साधा, पण एकदा भक्तीत शिरला की ह्याला आवरायचं कुणी? त्यानं टाकीला झेंडूच्या माळा घातल्या, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. एवढ्यावर थांबता तर बरं. पण बेंदराला बैलाला जसं आपण आडवं होईस्तोवर खाऊ घालतो, तसं ह्याला वाटलं, ही टाकी वर्षभर मोजकंच जेवते, आज सणाचं तरी पोटभर जेवू दे. "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं" म्हणून त्यानं व्हॉल्व्हचं चाक पूर्ण मोकळं केलं आणि तळ्यातलं पाणी दिवसभर टाकीत जाऊ दिलं.

दसऱ्याला सोनं द्यायला भेटला तेव्हा मोठ्या कौतुकानं म्हणाला, "गड्या, पोटभर जेवली बघ आई!"

मी सोनं खिशात घातलं आणि तसाच काटा बघायला गेलो.

दोन-तीन दिवस गॅसचा काटा वर गेला. मुकादम छाती काढून हिंडत होता. मग काटा पडायला लागला. इंजन खोकायला लागलं, ऑफिसातले दिवे पिवळे पडले, आणि एका दुपारी इंजन बसलं ते बसलंच. बाईनं जळता बोळा काठीला बांधून गॅसच्या नळीजवळ धरला. गॅस पेटला नाही, बोळाच विझला. टाकीतलं पाणी काढून तिनं कागद बुडवला, तो लालभडक, म्हणजे आंबट. टाकीजवळ वास येत होता तो शिळ्या आंबलेल्या कण्यांचा.

तिचा चेहरा उतरला. "मामा, खाणं बंद करा. एक थेंब नको. चुना घालू या. आणि विरजण आणावं लागेल."

"इरजण? आन् कुठलं?"

"साताऱ्याकडं एका दूध डेअरीवर अशीच टाकी आहे. तिच्यातला जिवंत गाळ आणून हिच्यात घालायचा. आपली दुसरी पंगत अर्धी मेलीय. पण सगळी नाही."

हे बोलणं चालू होतं तिथंच मुकादम आणि आणखी चार-पाच कामगार उभे होते. त्यातला एकजण हळूच म्हणाला, "नवरात्रात बाईमाणूस शिडी चढून टाकीवर जातंय. इटाळ झाला आसंल."

बाईनं खाली मान घातली. मुकादमानं तर सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. त्याच्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जात होतं.

मी त्या बोलणाऱ्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. "तुझ्या घरात बाया बाजूला बसत्यात का न्हाई?"

"बसत्यात की."

"बाजूला बसल्यावर चुलीकडं यायचं न्हाई. मग काय करत्यात? गोठ्यातलं श्याण काढत्यात का न्हाई?"

"काढत्यात."

"मग ह्या टाकीत पडलंय ते श्याण कुणी काढल्यालं हाय? तुझ्या बानं?"

एकजण फिस्सकन हसला आणि ती गोष्ट तिथंच संपली. मुकादम मात्र हसला नाही. तो टाकीकडं बघत राहिला. त्याला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला. डिस्टिलरीचा इनचार्ज, लांबचा माणूस, इस्त्रीचा, कायम घड्याळाकडं बघणारा. बाईनं त्याला सांगितलं की टाकी बरी होईपर्यंत डिस्टिलरी बंद ठेवा, कारण तळं भरत आलंय आणि टाकीला खाणं बंद केलंय.

साहेब म्हणाला, "बंद? स्पिरीटचे टँकर दारात उभे आहेत. टाकी घेत असेल तर टाकीत सोडा. घेत नसेल तर ओढ्याला सोडा. आभाळ भरून आलंय, पाऊस पडला की जाईल वाहून."

वाहून जाईल. कुठं जाईल ते मात्र नाही सांगितलं.

एवढं बोलून तो ऑफिसात गेला. बाईनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "मामा, मी साताऱ्याला जाते. मळीचा रिकामा टँकर आहे, ड्रायव्हरला सांगते साहेबांनी पाठवलंय. तुम्ही एवढं करा, मी येईपर्यंत टाकीत काही जाऊ देऊ नका."

"आन् ओढ्यात?"

"ओढ्यात तर मुळीच नको."

"जा बाई. मी हाय."

तळ्यातनं निघणारा पाइप एकच. त्याच्यावर मोठा व्हॉल्व्ह एकच. त्याच्या पुढं मग एक फाटा टाकीला आणि एक जुना फाटा ओढ्याला. म्हणजे ते एक चाक ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. मी पाना घेतला, चाकाचा नट काढला, चाक उचललं आणि पटक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. मग व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरलो आणि चाकाच्या उभ्या दांड्याला दोन्ही पायांचा विळखा घालून बसलो. खाली ओल, अंगाला डास. भाकरीचं गाठोडं वर राहिलं ते राहिलंच.

थोड्या वेळानं साहेबानं निरोप पाठवला, व्हॉल्व्ह उघडा. मी उघडला नाही. मग तो स्वतः आला. खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. मला खालनं त्याचे बूट तेवढे दिसत होते.

"हे काय चाललंय?"

"बसलोय."

"चाक कुठं आहे?"

"हाय."

"पलटणीत होतास म्हणे. हुकूम पाळायला शिकवलं नाही तिथं?"

"शिकवलं की. पर पोस्ट सोडायची न्हाई, हे त्याच्या आदी शिकवलं."

त्यानं फिटरला बोलावलं. चाक नसलं तरी दांड्याला मोठा पाना लावून व्हॉल्व्ह फिरवता येतो, हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. फिटर आमच्याच गावचा. त्याची विहीर ओढ्याच्या अगदी कडेला. तो पाना घेऊन आला, खड्ड्यात वाकून बघितलं आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "सायेब, म्हातारा वॉलवर बसलाय. पाना कुठं लावू? म्हाताऱ्याला लावू?"

वर लोक हसले. साहेब हसला नाही. "उचला त्याला," म्हणाला.

कुणी पुढं आलं नाही. फिटर खाली वाकून हळूच म्हणाला, "मामा, लय वेळ न्हाई थांबता यायचं. सुरक्षावाल्यांस्नी फोन गेलाय."

"येऊ द्या."

"तळं काठाला लागलंय, मामा. डिस्टिलरी चालूच हाय. आजून थोडा वेळ गेला तर तुमी बसा न्हाईतर निजा, पाणी काठावरनं जाणार. बांधाच्या खालीच ओढा हाय."

हेच मला टोचत होतं. सांगायची गोष्ट म्हणजे बसताना मी हा विचार केला नव्हता. चाक काढलं की पाणी थांबलं, एवढाच माझा हिशेब. पण डिस्टिलरी वरनं ओततच होती. मी एक दार धरून बसलो होतो आणि पाणी भिंतीवरनं उडी मारायला निघालं होतं. उठावं तर साहेब पाना लावणार. बसावं तर तळं फुटणार. पाय सुन्न झाले होते. त्यात दुपार कलली आणि थेंब पडायला लागले, परतीच्या पावसाचे, मोठे, कौलावर खडे पडावेत तसे. खड्ड्यात पाणी साचायला लागलं. माझी विजार भिजली. वरनं कुणीतरी पोतं टाकलं डोक्यावर घ्यायला.

बातमी गावात गेली होती. कारखान्याच्या कुंपणाबाहेर माणसं जमली. त्यात आमची कारभारीण होती, हे मला तिच्या आवाजावरनं कळलं. "आवं, घरात बसायला जागा न्हाई व्हय, म्हणून खड्ड्यात बसलाय?" मग आवाज बदलून म्हणाली, "बसला हायसा तर नीट बसा. अर्ध्यात उठू नगा."

सुरक्षावाले दोघं आले, काठावर उभे राहिले. त्यांच्यातला एक मराठा पलटणीतनं आलेला, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं खाली बघून सॅल्यूट नाही केला, पण टाचा जुळवल्या. साहेब ओरडला, "उचला म्हणतोय!" ते खाली उतरायला लागले. मी दांड्याला मिठी मारली. मनात म्हणालो, आता हात सोडवतील तर सोडवतील, पण एकेक बोट सोडवावं लागेल.

आणि त्याच वेळी आवाज थांबला.

डिस्टिलरीचा आवाज तुम्ही रोज ऐकता तेव्हा तो आवाज आहे हे विसरून जाता. वाफेचा फुसकारा, पंपांची घरघर. तो थांबला आणि एकदम पावसाचा आवाज मोठा झाला. सगळ्यांनी तिकडं माना वळवल्या. साहेब पळत सुटला.

मुकादमानं वाफेचं तोंड बंद केलं होतं. पंप बंद केले होते. नंतर फिटरनं सांगितलं, साहेब गेला तेव्हा तो तिथंच पंपाला पाठ लावून मांडी घालून बसला होता. साहेब म्हणाला, "कुणाला विचारून बंद केलंस?" तर म्हणाला, "जास्त जेवू मीच घातलं, सायेब. आता उपास बी मीच करवणार."

तळ्यातलं पाणी काठापर्यंत आलं होतं. पावसानं एका कोपऱ्यातनं थोडं सांडलं. गावच्या माणसांनी कुंपणावरनं उड्या मारून, घमेल्यांनी माती टाकून तो कोपरा दाबला. मला हे दिसलं नाही, मी खड्ड्यातच होतो. उठायचा प्रयत्न केला तर पाय ऐकेनात. फिटरनं काखेत हात घालून वर ओढलं.

दिवस मावळायच्या बेताला टँकर आला. बाई ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती, कपड्यांवर गाळाचे शिंतोडे. खाली उतरून तिनं पहिल्यांदा तळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पटक्यातनं चाक काढून तिच्या हातात दिलं. ते तिला उचलेना. दोघांनी मिळून बसवलं.

विरजण टाकीत सोडलं. चुना कालवून सोडला. मग सुरू झालं ते वाट बघणं. साहेबानं वरच्या साहेबांपुढं काय सांगितलं ठाऊक नाही, पण डिस्टिलरी काही दिवस बंदच राहिली. तळ्यातलं पाणी आम्ही टाकीला अगदी बोटभर द्यायचो, दिवसातनं एकदा. बाई रोज कागद बुडवायची. लाल. लाल. जरा कमी लाल. मी रोज टाकीच्या पत्र्याला कान लावायचो. बाई म्हणायची, ऐकू येत नाही मामा त्यांचं. मी म्हणायचो, नसू दे, मला ऐकायचंय. मुकादमानं स्वतःही उपास धरला होता. एक वेळ जेवायचा आणि टाकीला हात लावायचा नाही. "माझा हात नगं," म्हणायचा.

काटा हलला तो एका सकाळी. दुपारी बाईनं काठीला बोळा बांधला. सगळे जमले. साहेबही आला, घड्याळाकडं न बघता. बोळा नळीजवळ नेला. विझला. तिनं दुसरा बांधला. ह्या वेळी नळीच्या तोंडाशी एक निळी जीभ उभी राहिली. थरथरली, पण राहिली. मुकादम मोठ्यानं "चांगभलं!" ओरडला आणि लगेच तोंडावर हात ठेवला, जणू आता त्यानंही तिला जास्त होईल.

संध्याकाळपर्यंत इंजन चाललं. ऑफिसात दिवे लागले. कुणीतरी पेढे आणले. मी दोन खाल्ले. मग साहेबानं मला बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही.

"टाकी वाचली, चांगलं झालं. पण चार माणसांत तू माझं ऐकलं नाहीस. मुकादमानं माफी मागितली. तूही माग, सगळ्यांसमोर. विषय संपला."

"कशाची?"

"चाक काढल्याची."

"चाक काढलं म्हणून दिवं लागल्यात, सायेब."

"दिवे बाईंच्या गाळानं लागलेत. तू काय केलंस? बसलास."

हे काही खोटं नव्हतं. मी बसलो होतो. पण बसल्याची माफी मागायची म्हणजे पुढच्या वेळी उठायचं कबूल करायचं. मी म्हणालो, "मागणार न्हाई."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

बाई मधे बोलायला आली, मी हातानं थांबवलं. तिची नोकरी नवी होती. सायकल काढली आणि घरी आलो. कारभारणीला सांगितलं. ती चुलीपुढनं न उठता म्हणाली, "बरं झालं. आता म्हशी राखा. किती दिवस मीच मरती मागं."

जेवलो, निजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशीचं दावं सोडलं आणि तिला ओढ्यावर नेलं. तळ्याचा कोपरा सांडला होता त्याच्या खालच्या अंगाला, मुद्दाम तिथंच. म्हशीनं पाण्यावर नाक नेलं, थांबली, फुरफुरली. मी दावं ढिलं सोडलं. तिनं परत वास घेतला, मग मान खाली घातली आणि प्यायला लागली. मी तिच्या मानेच्या शिरा हलताना बघत उभा राहिलो. तिचं पिऊन झाल्यावर तिला खोल पाण्यात बसवलं आणि काथ्यानं पाठ घासायला घेतली.